तिथी अधिक एक

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे आली आणि पायरीवर उभी राहूनच म्हणाली, "मास्तर, माझं गणित बरोबर आहे. तरीही होडी वाळूवर चढली."

गुरू म्हणजे खाडीकाठच्या त्या गावातले एक वृद्ध मास्तर. शहरातल्या महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे शिकवले होते, आधी गणित आणि पुढे संगणकाच्या भाषा. घराणे पंचांगकर्त्यांचे. निवृत्त होऊन गावी परतल्यावर ते रोज सकाळी पडवीत बसून ग्रहांचे गणित मांडीत, आणि कोणी जुना विद्यार्थी आलाच तर त्याच्या प्रोग्राममधल्या चुकाही पाहून देत. शिष्या हेमांगी ही त्यांनी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातली. वय सव्वीस, घर गाबीतवाडीत, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीत. शिकून ती शहरात राहिली नव्हती. आपल्या माणसांच्या उपयोगी पडेल असे काही करावे, या ओढीने ती गावी आली होती.

तिने केलेले काम मोठे देखणे होते. त्या खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांब बांध आहे. भरती पूर्ण असली की होडी त्याच्यावरून अलगद आत येते. पाणी उतरू लागले की तोच बांध होडीच्या तळाला लागतो. म्हणून आत कधी यायचे, हे होडी हाकणाऱ्या तांडेलाला ठाऊक असावे लागते. जुनी माणसे ही वेळ तोंडी काढीत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. हेमांगीने हा नियम यंत्राला शिकवला. प्रोग्राममध्ये तिने तिथी नावाचा एक आकडा ठेवला. अमावास्येनंतरच्या सकाळी तो एक व्हायचा, मग रोज त्यात एक मिळवला जायचा, आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकापासून सुरू व्हायची. मोबाइल उघडला की भरतीची वेळ समोर. नारळी पौर्णिमेपासून गावातल्या साठ होड्या त्या वेळेवर विसंबू लागल्या होत्या.

मार्गशीर्ष महिन्याच्या शुद्ध पक्षात भिकाजी तांडेल रात्रीची मासेमारी आटोपून परत येत होता. मोबाइलने त्याला पूर्ण भरतीची वेळ सांगितली पावणेसात. तो बरोबर पावणेसातला बांधापाशी पोहोचला. ते भांगाचे दिवस होते. भांगात मुळातच पाणी बारीक असते, आणि त्या सकाळी ते उतरणीलाही लागले होते. होडी रुतली. मागून येणाऱ्या लाटांनी तिला आडवी केली, एक फळी फुटली, भिकाजीचा खांदा निखळला आणि एक खलाशी पाण्यात फेकला गेला. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोर टाकून त्याला ओढून घेतले. थोडक्यात निभावले, असे सगळे म्हणाले.

हेमांगी भिकाजीला भेटायला गेली, तेव्हा तो हात गळ्यात बांधून ओटीवर बसला होता. त्याने तिला दोष दिला नाही.

"चूक माझीच गो," तो म्हणाला. "बापाशीन शिकयल्यान होता, पाण्याक डोळ्यान बघूचा. मी मोबायलात बघलंय."

हे क्षमेचे शब्द तिला रागावण्यापेक्षा अधिक लागले. दोन दिवस ती प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासत बसली. आठात एक मिळवले की नऊ. नवाची पाऊणपट पावणेसात. यंत्र कुठेही चुकले नव्हते. तिसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या पायरीवर उभी राहिली.

मास्तरांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "तिथी कशात ठेवली आहेस?"

"आकड्यात. एक ते पंधरा."

त्यांनी मान हलवली. "ते साधन आधी बंद कर. आणि वद्य सप्तमीच्या सकाळी माझ्याकडे ये."

"वद्य सप्तमीला? अजून दहा-बारा दिवस आहेत, मास्तर. आत्ताच सांगा ना."

"सप्तमीलाच. षष्ठीला नको आणि अष्टमीलाही नको." एवढे बोलून त्यांनी पुढ्यातला कागद ओढला आणि ते आपल्या गणितात बुडून गेले.

हेमांगीला राग आला. एक माणूस बुडता बुडता वाचला, आणि मास्तरांना मुहूर्त सुचतो आहे. तरी तिने सांगितल्याप्रमाणे साधन बंद केले, साठही तांडेलांना तसा निरोप धाडला आणि वाट पाहू लागली. रिकामे बसवेना, म्हणून अर्धवट राहिलेले दुसरे एक काम तिने पुढे ओढले. तिची आई आणि वाडीतल्या बाया मोठ्या ओहोटीला खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला जात. पाणी फिरले की त्या पट्ट्याला मागून वेढा पडतो. बाया वाकून वाळू उकरत असतात, पाठ समुद्राकडे असते, आणि परतीची वाट केव्हा बुडाली ते कळत नाही. म्हणून पाणी फिरण्याच्या वेळी सर्वांचे मोबाइल वाजावेत, अशी सोय ती त्याच प्रोग्राममध्ये करत होती. पुढच्या अमावास्येला ती सुरू करायची, असे तिने आईला कबूल केले होते.

पौर्णिमा झाली. वद्य पक्ष सुरू झाला. बंद ठेवलेले साधन तिच्या स्वतःच्या मोबाइलवर चालूच होते, आणि त्यातला आकडा रोज एकाने वाढत होता. ज्या सकाळी तो सात झाला, त्या सकाळी ती लॅपटॉप पिशवीत घालून मास्तरांकडे निघाली.

मास्तर पडवीत बसले होते. तिला पाहून त्यांनी चष्म्यावरून नजर वर केली.

"आज कशी आलीस?"

"तुम्हीच बोलावलंत. सप्तमी आहे."

"आज अष्टमी आहे."

हेमांगी ओशाळली. "म्हणजे मी एक दिवस चुकले. सप्तमी काल होती."

"काल षष्ठी होती."

मास्तर थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. तिने हलक्या आवाजात विचारले, "मग सप्तमी कधी होती?"

"तिची वाट तू पाहत होतीस," मास्तर म्हणाले. "तूच शोध." आणि त्यांनी पंचांग तिच्यापुढे सरकवले.

तिने पान काढले. आजच्या सकाळपुढे अष्टमी. त्याच्या वरच्या ओळीत, कालच्या सकाळपुढे, षष्ठी. दोन ओळींच्या मध्ये काही राहून गेले असावे, तसे तिने बोट दोनदा वरखाली फिरवले. मग तिला काहीतरी आठवले आणि तिने घाईने मागचे पान उलटले. शुद्ध पक्ष. सप्तमी. अष्टमी. पुन्हा अष्टमी. एकाखाली एक, दोन सकाळींपुढे एकच नाव छापले होते, आणि दुसरी सकाळ भिकाजीची होती.

"त्या दिवशी नवमी नव्हती," ती म्हणाली. "भरती सहालाच होऊन गेली होती."

"हो."

"माझ्या यंत्राने आठात एक मिळवला."

"मिळवणारच. तू त्याच्या हाती आकडा दिला होतास." मास्तरांनी पंचांग मिटले. आता त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा संथ झाला. "आकडा फार सोशीक असतो, हेमांगी. त्यात एक मिळव, तो नाही म्हणत नाही. दोनाने गुण, नाही म्हणत नाही. यंत्राच्या लेखी तिथी, होड्यांची संख्या आणि तुझं वय हे सारं एकाच प्रकारचं. पण तिथी कोण आहे ते बघ. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची चाल रोज सारखी नसते. कधी तो झपाझप जातो, कधी रेंगाळतो. दिवस मात्र सूर्य उगवला की सुरू होतो, आणि उगवत्या सूर्याला जी तिथी भेटेल तिचं नाव त्या दिवसाला मिळतं. चंद्र रेंगाळला, तर एकाच तिथीला दोन सूर्योदय भेटतात. तो घाईत असला, तर एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्ये येऊन निघून जाते. तिला सूर्योदय भेटतच नाही. सप्तमी काल सकाळी सव्वासातला लागली आणि आज पहाटे साडेचारला संपली. काल दिवसभर तू तिच्यातच वावरत होतीस. तुझ्या आकड्याला तिचा पत्ता नव्हता."

काल दिवसभर आपण काय काय केले, ते हेमांगीला आठवत होते. दुपारी ती जेट्टीवर गेली होती. आईबरोबर जाळे वाळत घातले होते. त्या सगळ्या वेळी एक अख्खी तिथी डोक्यावरून गेली होती, आणि उद्या सप्तमी म्हणून ती तिची वाट पाहत बसली होती.

"भाषा आपल्याला आकडा देते," मास्तर पुढे म्हणाले, "अक्षर देते, हो-नाही देते. त्यापलीकडचं जग तिला ठाऊक नाही. ते आपण सांगायचं असतं. तू तिथी नावाचा स्वतःचा प्रकार घडव. ती कशातून जन्मते ते लिही. तिला काय विचारता येतं ते लिही. जे तिच्या स्वभावात नाही, ते मात्र लिहू नकोस. मग यंत्र काय करतं ते पाहू."

हेमांगीने तिथेच, पडवीच्या कोपऱ्यात बसून लॅपटॉप उघडला.

प्रोग्रामिंगची ही रीत ती महाविद्यालयात शिकली होती. परीक्षेत त्यावर टिपाही लिहिल्या होत्या. आपल्याला हवा तो प्रकार आपण घडवू शकतो, त्याला नाव देऊ शकतो, त्याच्याशी काय करता येईल आणि काय नाही ते ठरवू शकतो. तेव्हा ती तिला कामाच्या सोयीची एक युक्ती वाटली होती. आज पहिली ओळ लिहिताना तिचा हात अडखळला, कारण ती ज्याला नाव देत होती ते आकाशात चालू होते.

नव्या प्रकाराचे नाव तिने तिथी ठेवले. ती एकाच मार्गाने जन्मू शकत होती: गावचा सूर्योदय, आणि त्या क्षणी चंद्र सूर्यापासून जितका दूर असेल ते अंतर. हे अंतर काढण्याचे सूत्र मास्तरांनी आपल्या वहीतून दिले. तिथीला तिचे नाव विचारता येत होते, पक्ष विचारता येत होता, भरतीची वेळ विचारता येत होती. उद्या कोण, हेही विचारता येत होते. पण त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तिला पुन्हा चंद्राकडेच पाहावे लागे. बेरीज तिने लिहिली नाही. गुणाकार लिहिला नाही. शेवटी, जुन्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे तिथीचा आकडा होता, तिथे हा नवा प्रकार येईल, असे तिने यंत्राला सांगितले आणि प्रोग्राम चालवायला दिला.

यंत्राने तो चालवला नाही. पडद्यावर लाल ओळी उतरू लागल्या. एक, चार, दहा. त्या थांबल्या तेव्हा त्रेचाळीस झाल्या होत्या, आणि प्रत्येकीत जवळजवळ तेच वाक्य होते: तिथी अधिक एक, ही क्रिया या प्रकाराला ठाऊक नाही.

"त्रेचाळीस चुका," हेमांगी पुटपुटली. "सकाळपर्यंत एकही नव्हती."

"सकाळपर्यंत दिसत नव्हत्या," मास्तर म्हणाले.

ती एकेक ओळ वाचू लागली. होड्यांच्या वेळेत तिने एक मिळवला होता, ते तिला ठाऊक होते. पण इतर ठिकाणी? आठवड्याचा तक्ता करताना सहा वेळा. उधाण कधी, ते सांगताना दोनदा. एके ठिकाणी तर दोन तिथींची सरासरी काढली होती, आणि ती का काढली हे तिचे तिलाच सांगता येईना. मास्तर शेजारी बसून ऐकत होते. तिने तीस ओळी दुरुस्त केल्या. एकतिसाव्या ओळीपाशी ती थांबली.

"काय आहे?" मास्तरांनी विचारले.

"बायांचं आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या काढायला जातात त्यांचं. उद्याची तिथी म्हणून मी आजच्या तिथीत एक मिळवला होता." तिने त्या ओळीवर बोट ठेवले. "एखाद्या उधाणाला चतुर्दशी दोनदा आली असती, तर यंत्राने दुसऱ्या दिवशी पौर्णिमा धरली असती. पाणी फिरून पाऊण तास झाल्यावर मोबाइल वाजले असते. आणि मोबाइल वाजला नाही म्हणून त्या वाळूवरच थांबल्या असत्या. आई पण."

मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

हेमांगी त्या लाल ओळीकडे पाहत राहिली. ही ओळ तिने लिहिली होती, वाचली होती, दोनदा तपासली होती, आणि तिच्या डोळ्यांना तिच्यात कधी काही खटकले नव्हते. ज्या यंत्राला समुद्र ठाऊक नाही, चंद्र ठाऊक नाही, आई म्हणजे कोण ते ठाऊक नाही, त्याने ती शोधून काढली होती. आणि तिने त्याला फक्त इतकेच सांगितले होते की तिथी हा आकडा नव्हे. एका नावाला त्याचा स्वभाव दिला, आणि त्या स्वभावाविरुद्ध असलेले सारे आपोआप उघडे पडले. तिने वर पाहिले. माडांच्या पलीकडे, समुद्राच्या दिशेला, अष्टमीचा अर्धा चंद्र भर उन्हात पांढुरका होऊन मावळतीकडे उतरत होता. तो तिथे सकाळपासून होता. तिने मान वर केली नव्हती, एवढेच.

"मास्तर," ती म्हणाली, "हा एवढा सगळा मी पंधरा आकड्यांत बसवला होता."

"मीही एकदा बसवला होता," मास्तर म्हणाले. "तुझ्याच वयाचा असताना. वडिलांनी मला न उगवणाऱ्या द्वादशीला बोलावलं होतं."

उरलेल्या बारा ओळी संपायला दुपार झाली. निघताना ती मास्तरांच्या पाया पडली, आणि तिथून थेट भिकाजीकडे गेली.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," तिने त्याला सांगितले. "त्या दिवशी परत अष्टमीच होती. मी नवमी केली. फळीचा खर्च माझा."

भिकाजीने फळीचा विषय हाताने उडवून लावला. मग घराच्या दाराकडे पाहून तो म्हणाला, "माझ्या बायलेन त्या दिवशी परत अष्टमीचो उपास धरलेलो. आदल्या सांजेक ती सांगत होती, मी तिका हसलंय."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

पुढच्या आठवड्यात अमावास्या आली. दुपार कलताना हेमांगी आईच्या मागोमाग वाळूच्या पट्ट्यावर गेली. तिच्यासह अठरा बाया होत्या. उधाणाची ओहोटी असल्याने समुद्र इतका मागे हटला होता की एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडले होते, आणि ओल्या वाळूवर उतरते ऊन लांबवर पसरले होते. चंद्र कुठेच दिसत नव्हता. तो सूर्याच्याच अंगाला होता, त्याच्याबरोबर मावळतीला चाललेला. आणि नजरेला न पडता त्याने हा अफाट समुद्र मैलभर ओढून नेला होता. हेमांगीने हा देखावा लहानपणापासून पाहिला होता. इतक्या मोठ्या गोष्टीला आपण एका शब्दात हाक मारतो, आणि ती गोष्ट त्या शब्दात राहायला येते, हे तिला पहिल्यांदाच नवलाचे वाटले.

बाया वाळू उकरत होत्या. टोपल्या भरत आल्या. आई पट्ट्याच्या कडेला, घोटाभर पाण्यात उभी राहून तिसऱ्या धूत होती. अचानक तिचे हात थांबले. तिने पाण्याकडे पाहिले नाही, समुद्राकडेही नाही. नुसती पायाशी काही ऐकत असल्यासारखी क्षणभर उभी राहिली.

"पाणी फिरला," ती म्हणाली.

आणि तिचे बोलणे पुरे होते न होते तोच, वाळूवर ठेवलेल्या पिशव्यांतून, कमरेला खोचलेल्या बटव्यांतून, अठराही मोबाइल वाजू लागले.

बायांनी टोपल्या उचलल्या आणि त्या परतीच्या वाटेला लागल्या. हेमांगी सर्वांच्या मागे राहिली. जिथे आई उभी होती तिथे जाऊन तिने चपला काढल्या आणि पाण्यात पाय ठेवला. आत येणारे पाणी आता अगदी हलकेच, पण निश्चितपणे, तिच्या टाचेला लागत होते.

आपल्या हातच्या कामातही अशा कितीतरी तिथी असतात. त्यांत एक मिळवण्यापूर्वी घटकाभर मान वर करून पाहावे.